आधी हाताला कळू द्या, मग इंग्रजीत लिहू द्या



माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे माझ्या मराठीत कुठे कुठे हिंदीची झाक दिसेल. ती सांभाळून घ्यावी, ही सुरुवातीलाच विनंती. आजचा विषय मात्र भाषेचाच आहे, आणि विज्ञानाचाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी सातवीच्या विज्ञानाच्या शिक्षिका रजेवर होत्या, म्हणून त्यांचा तास मी घेतला. धडा अ‍ॅसिड आणि बेसचा. लिटमस कशापासून मिळतो, असे मी विचारले. एक हुशार मुलगी उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "लिटमस इज ऑब्टेन्ड फ्रॉम लायकेन्स." उच्चार स्वच्छ, वाक्य बिनचूक. मी विचारले, "लायकेन म्हणजे काय गं?" ती गप्प. मग म्हणाली, "मॅडम, ते एक केमिकल असतं." मागून एक मुलगा म्हणाला, "नहीं मॅम, फैक्ट्री का नाम है."

दुसऱ्या दिवशी मी घरून मसाल्याच्या डब्यातले थोडे दगडफूल पुडीत बांधून आणले आणि वर्गात फिरवले. पुडी त्या मुलीपर्यंत गेली. तिने वास घेतला आणि ओरडलीच, "अय्या, हे तर दगडफूल! आजी गोड्या मसाल्यात घालते." शेजारची म्हणाली, "हमारे यहाँ पत्थर-फूल बोलते हैं." मी सांगितले, हेच लायकेन. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने जगतात, त्या जोडीला लायकेन म्हणतात. लिटमस ज्यापासून काढतात ती जात वेगळी, समुद्रकाठच्या खडकांवर वाढणारी, पण आहेत दोन्ही लायकेनच. वर्गातल्या प्रत्येक चेहऱ्यावर एकच भाव होता : हे तर आमच्या घरात आहे!

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या मुलीला दगडफुलाचा वास पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे, तिला शाळेने एक इंग्रजी शब्द दिला आणि त्या शब्दाने तिच्या स्वतःच्या माहितीवर झाकण घातले. परीक्षेत तिला त्या उत्तराचे पूर्ण गुण मिळाले असते. ते गुण देणारी मीच असते.

आपली शाळा पिढ्यान् पिढ्या या इंदूर शहरात उभी आहे. पूर्वी ती मराठी माध्यमाची होती, मग हिंदी आली, आता इंग्रजी आहे. आज आपल्या वर्गात मराठी घरांतली मुले आहेत, हिंदी बोलणारी आहेत, माळवी आणि निमाडी बोलणाऱ्या घरांतलीही आहेत. यांतल्या जवळजवळ कोणाच्याही घरी इंग्रजी बोलली जात नाही. म्हणजे आपली मुले विज्ञान शिकता शिकता इंग्रजी शिकत आहेत आणि इंग्रजी शिकता शिकता विज्ञान. एका खांद्यावर दोन ओझी. दुसरे ओझे पेलत नाही तेव्हा मूल सोपा मार्ग काढते, तो म्हणजे पाठांतर. यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांच्यापुढे वाटच तेवढी ठेवली आहे.

मी स्वतः वेगळ्या वाटेने शिकले, म्हणून हे धाडसाने लिहिते. माझे बालपण तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या एका लहान गावात गेले. त्या जिल्ह्याला आता नर्मदापुरम् म्हणतात. घरी मराठी, गावात आणि सरकारी शाळेत हिंदी. तिथे सहावी ते आठवीला 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' चालत असे. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ साली तो १६ मिडल शाळांत सुरू केला. १९७८ मध्ये राज्य शासनाने तो जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल शाळांत नेला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे सांभाळला. आमच्या पुस्तकाचे नाव होते 'बाल वैज्ञानिक'. त्यात प्रश्न होते, प्रयोग होते, पण उत्तरे नव्हती. चार मुलांची एक टोली असे. फूल उकलायला सुई नसे, बाभळीचा काटा असे. उत्तर विचारले की गुरुजी म्हणत, "करके देखो." परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, आणि प्रयोगाचीही परीक्षा होत असे. हा कार्यक्रम राज्य शासनाने २००२ मध्ये बंद केला. का बंद केला, यावर खूप वाद झाले. त्यात मी आज शिरत नाही. मला एवढेच सांगायचे आहे की त्या तीन वर्षांत हाताने केलेले मी आजवर विसरलेले नाही.

पुढे इंदूरला बी.एस्सी. केले, तेही हिंदीतून. ग्रंथालयातली चांगली पुस्तके इंग्रजीत होती. पहिल्या वर्षी ती उघडून मी रडकुंडीला येत असे. पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. ज्या विषयाचा प्रयोग मी लहानपणी केला होता, त्याचे इंग्रजी पान मला लवकर कळत असे. शब्द अनोळखी असला तरी तो कशाविषयी बोलतो आहे ते मी पाहिलेले असायचे. जो विषय मी हिंदीतही नुसता पाठ केला होता, त्याचे इंग्रजी पान माझ्यासाठी भिंतच राहिले.

इथे काही मंडळी म्हणतील, मग सरळ मातृभाषेतून शिकवा. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटलेच आहे. विज्ञान आणि गणिताची द्विभाषिक पुस्तके तयार करावीत, असेही त्यात आहे. मला ते मान्य आहे. पण आपल्या शाळेने इंग्रजी माध्यम घेतले ते पालकांच्या इच्छेने, आणि ते उद्या बदलेल असे नाही. शिवाय मातृभाषेतला शब्दही आपोआप अर्थ देत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७०च्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागात काम केले. तिथली मुले मराठीच होती आणि पुस्तकेही मराठीच. तरी पुस्तकाची मराठी आणि मुलांची मराठी यांत अंतर होते, आणि ते विज्ञानाच्या आड येत होते.

आपल्या इंदुरी मराठी मुलांची गंमत तर आणखी वेगळी. मराठीच्या पुस्तकात अ‍ॅसिड म्हणजे आम्ल, बेस म्हणजे आम्लारी आणि सॉल्ट म्हणजे क्षार. हिंदीच्या पुस्तकात अ‍ॅसिड म्हणजे अम्ल, सॉल्ट म्हणजे लवण, आणि क्षार म्हणजे अल्कली. एकच शब्द, दोन भाषांत दोन अर्थ. घरी आजी म्हणते, "बोअरच्या पाण्यात क्षार फार, डाळ शिजत नाही." शेजारी हिंदीतून शिकलेला दादा सांगतो, "क्षार हल्दी को लाल कर देता है." मुलाने कोणाचे ऐकावे?

हा प्रश्न खरोखरच आमच्यापुढे आला. तो कसा सुटला, ते सांगते.

दगडफुलाच्या प्रसंगानंतर मी आणि विज्ञानाच्या दोन शिक्षिकांनी मिळून सातवीच्या एका तुकडीत प्रयोग करायचे ठरवले. प्रश्न साधा होता : कोणाच्या घरच्या पाण्यात साबणाला जास्त फेस येतो? इंदुरात कोणाकडे जलूदहून उपसून आणलेले नर्मदेचे पाणी येते, कोणाकडे बोअरवेल, कोणाकडे टँकर, कोणी आरओचे पाणी पिते. मुलांनी आपापल्या घरून बाटल्या भरून आणल्या. चौघांची एक टोली केली. बोलण्याच्या भाषेवर बंधन नव्हते. मराठी, हिंदी, माळवी, जी तोंडात येईल ती.

पहिल्या दिवशी गोंधळच झाला. कोणी बाटली दहा वेळा हलवली, कोणी हात दुखेपर्यंत. कोणी पाणी अर्धी बाटली घेतले, कोणी पाव. दोन टोल्यांचे निकाल जुळेनात. भांडणे झाली. त्या भांडणातूनच मुलांनी नियम केला : बाटल्या सारख्या, पाणी सारखे, साबणाचे पाणी दहा थेंब, हलवायचे वीस वेळा, आणि फेस पट्टीने मोजायचा. विज्ञानात योग्य तुलना म्हणतात ती हीच. मी फळ्यावर ती व्याख्या लिहून दिली असती तर दोन मिनिटांत झाले असते, आणि दोन दिवसांत विसरली गेली असती.

मग निकाल जुळू लागले. आरओच्या पाण्यात फेस सगळ्यांत जास्त, नर्मदेच्या पाण्यात त्याहून कमी, बोअरच्या पाण्यात अगदी थोडा, आणि वर पांढरट साका. एका टोलीचा निकाल मात्र साफ वेगळा आला. त्यांच्या सगळ्या बाटल्यांत जवळजवळ सारखाच फेस! शिक्षिका त्यांना "नीट करा" म्हणणार होत्या, तेवढ्यात एका मुलीने विचारले, "तुम कौन सा साबुन लाए?" ते साबण नव्हतेच, हात धुण्याचे लिक्विड होते. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा साका होतो, म्हणून फेस कमी. डिटर्जंटच्या जातीच्या द्रवाला ती अडचण फारशी येत नाही, म्हणून तो सगळीकडे फेसाळतो. 'चुकलेल्या' टोलीने आम्हाला नवा धडा दिला. त्या चौघांना रागावून बसवले असते तर तो धडा हरवला असता.

आता क्षाराची गोष्ट. एका मुलाने विचारले, "आजी म्हणते बोअरच्या पाण्यात क्षार आहे. मग हळद लाल का होत नाही?" वर्ग दोन गटांत विभागला गेला. मी उत्तर दिले नाही. हळदीच्या कागदाच्या पट्ट्या केल्या होत्या, त्या बोअरच्या पाण्यात बुडवायला सांगितल्या. पिवळ्याच राहिल्या. साबणाच्या पाण्यात बुडवल्या, लाल झाल्या. लाल पट्टीवर लिंबू पिळले, पुन्हा पिवळी. तेव्हा मुलांना कळले की आजीचा क्षार वेगळा आणि दादाचा क्षार वेगळा. दोघेही आपापल्या भाषेत खरे आहेत. एका मुलीने घरी जाऊन विचारले, तर आजीने सांगितले की पूर्वी हळदीला चुना लावून कुंकू करत असत. हळदी-कुंकवाला घरोघर फिरणाऱ्या मुलींना या दोन वाट्यांचे नाते पहिल्यांदा दिसले.

मगच आम्ही शब्दांकडे वळलो. वहीत तीन रकाने केले : इंग्रजी, हिंदी, मराठी. हार्ड वॉटर, कठोर जल, दुष्फेन पाणी. आधी विचारले तेव्हा एकाने 'हार्ड वॉटर' म्हणजे बर्फ असे सांगितले होते. त्याला हसू नका. शब्दाने तेवढेच सांगितले होते, आणि त्याने तेवढाच अर्थ लावला. 'दुष्फेन' हा मराठी शब्द मुलांना फार आवडला. ज्याला फेस मुश्किलीने येतो ते दुष्फेन. त्या शब्दात त्यांचा सगळा आठवडा होता.

आणि इंग्रजी? पालकांना खरी काळजी त्याचीच, म्हणून स्पष्ट लिहिते. आधी या मुलांच्या वह्यांत पुस्तकातली वाक्ये होती, निर्दोष आणि निर्जीव. प्रयोगानंतर त्यांनी स्वतःची वाक्ये लिहिली. 'बोअरवेल वॉटर गेव्ह लेस फोम दॅन नर्मदा वॉटर.' 'वुई गॉट राँग रिझल्ट बिकॉज वुई टूक हँडवॉश.' व्याकरणाच्या चुका आहेत. पण 'लेस दॅन', 'बिकॉज', 'इफ' हे शब्द मुलांनी आपल्या गरजेने वापरले. जो मुलगा वर्षभर इंग्रजीत तोंड उघडत नव्हता, तो आपल्या टोलीच्या वतीने तीन वाक्ये बोलला. त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही होते, म्हणून बोलला. भाषा येते म्हणून आपण बोलतो हे खरे. पण सांगायचे असते म्हणून भाषा येते, हे त्याहून खरे.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप वेळेचा. पुस्तकातल्या जेवढ्या मजकुराला तीन तास पुरले असते, त्याला आम्हाला आठ लागले. पुढचे दोन धडे घाईने उरकावे लागले. त्यानंतरच्या घटक चाचणीत त्या तुकडीचे गुण दुसऱ्या तुकडीपेक्षा काही वाढले नाहीत. हे मी लपवत नाही. पण ती चाचणी पाठांतराचीच होती, आणि ती मीच मंजूर केली होती. शिकवण्याची रीत बदलायची आणि प्रश्नपत्रिका जुनीच ठेवायची, हे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप, असे करून मुले इंग्रजीत मागे पडतील. काही पालकांनी सूचना केली आहे की शाळेत मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्याला दहा रुपये दंड करावा. त्यांचा हेतू मुलांच्या भल्याचाच आहे. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड आणि हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, हा विनोद आपल्या इंदुरी घरांत जुना आहे. तो खरा करून दाखवण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. दंड लावला तर मुले इंग्रजी बोलणार नाहीत, गप्प बसतील. गप्प बसलेल्या मुलाला काय समजले नाही, हे शिक्षकाला कधीच कळत नाही.

तिसरा आक्षेप, प्रोजेक्ट तर आपण दरवर्षी करतोच. इथे मला माझी चूक कबूल करायची आहे. आपल्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचे ज्वालामुखी येतात, दुकानातून तयार आणलेल्या सूर्यमाला येतात, वडिलांनी रात्री जागून जोडलेले पवनचक्कीचे मॉडेल येते. शेजारी मूल गणवेशात उभे राहून पाठ केलेले इंग्रजी भाषण म्हणते. मध्येच प्रश्न विचारला की भाषण तुटते आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. अशा मॉडेलांना मी कितीतरी वर्षे बक्षिसे दिली आहेत. ज्या मुलाने स्वतः काही वेडेवाकडे जोडून आणले, त्याला मागच्या रांगेत उभे केले आहे. त्या मुलांची मी मनापासून क्षमा मागते.

म्हणून येत्या सत्रासाठी माझे म्हणणे असे आहे.

सहावी ते आठवीला दर आठवड्याला विज्ञानाच्या दोन तासिका जोडून प्रयोगासाठी द्याव्यात. टोली चौघांची असावी. करताना आणि वाद घालताना भाषा कोणतीही चालेल. शेवटी निष्कर्ष इंग्रजीत लिहायचा आणि बोलायचा. वही तीन रकान्यांची असावी. अंतर्गत गुणांचा एक भाग या वहीवर द्यावा, आणि त्यात फसलेल्या प्रयोगाची नोंद असेल तर गुण कापू नयेत. घरी करून आणायचे प्रोजेक्ट बंद करावेत. प्रदर्शनात मूल जे शाळेत करील तेच मांडेल.

विश्वस्त मंडळींना विनंती आहे की यंदा स्मार्ट बोर्डांसाठी जी रक्कम ठेवली आहे, त्यातला एक बोर्ड कमी करावा. त्या पैशांत प्रयोगशाळेला एक मदतनीस आणि वर्षभराच्या बाटल्या, पट्ट्या, बादल्या, साबण, हळद असे सगळे येईल. प्रयोगशाळेचे दार आज आठवड्यातून फार तर एकदा उघडते, तेही नववी-दहावीसाठी. त्या दारावरच्या कुलपाची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असते. ती तिथून निघावी, एवढीच माझी मागणी आहे.

पालकांना विनंती आहे की संध्याकाळी "आज काय शिकवलं?" असे विचारू नका, "आज काय केलंस?" असे विचारा. मूल मराठीत सांगेल तर मराठीत ऐका. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांना या गप्पांत बसवा. डाळ का शिजत नाही, लोणच्याला बुरशी का येते, माठातले पाणी थंड का होते, हे सगळे त्यांच्याजवळ आहे. त्यांना फक्त त्याचे इंग्रजी नाव ठाऊक नाही.

आणि मुलांनो, तुम्हाला एकच सांगते. पुस्तकातला एखादा इंग्रजी शब्द अडला, तर तो पाठ करण्याआधी विचारा : हे मी कुठे पाहिले आहे? स्वयंपाकघरात, गच्चीवर, सिरपूरच्या तलावाकाठी, आजोळी शेतात? तुम्ही बहुतेक पाहिलेलेच असते. नसेल पाहिले, तर माझ्या खोलीचे दार वाजवा. किल्ली माझ्याजवळ आहे. आपण मिळून करून पाहू.

आपली,
प्राचार्या